चितळ, मुशी आणि शनिवारचा घाणा

गोंदियाकडच्या नागझिऱ्याच्या जंगलात, तळ्यावर उन्हाळ्यात पाण्याला येणाऱ्या जनावरांची यादी करा. चितळ, सांबर, रानगवा, नीलगाय (म्हणजे इकडची रोही), चौसिंगा, भेकर, रानडुक्कर, ससा, अस्वल, बिबट्या, वाघ आणि रानकुत्र्यांची टोळी. हीच यादी एखाद्या धर्मनिष्ठ यहुद्यापुढे ठेवली आणि यातलं काय खाण्याजोगं म्हणून विचारलं, तर तो दोनच गोष्टी पाहील. खूर दुभंगलेला आहे का, आणि जनावर रवंथ करतं का? दोन्हींचं उत्तर 'हो' असेल तरच पुढची बोलणी. वाघ, बिबट्या, अस्वल, रानकुत्रा पहिल्याच पायरीवर गळतात. रानडुकराचा खूर दुभंगलेला असतो, पण ते रवंथ करत नाही, म्हणून तेही बाद. सशाची गंमत वेगळी. तोरा, म्हणजे यहुद्यांचा मूळ धर्मग्रंथ, त्याला रवंथ करणाऱ्यांत धरून केवळ पंज्यामुळे बाद करतो. प्राणिशास्त्राच्या हिशेबाने ससा रवंथ करत नाही, स्वतःच्याच मऊ लेंड्या पुन्हा खातो. पण तोंड सारखं हलत असतं, त्यामुळे पाहणाऱ्याला तसं वाटणं साहजिक आहे.

राहिले ते चितळ, सांबर, गवा, रोही, चौसिंगा, भेकर. 'अनुवाद' या ग्रंथाच्या चौदाव्या अध्यायात खाण्याजोग्या दहा जनावरांची नावं दिली आहेत, त्यांत बैल, मेंढी, शेळी यांच्याबरोबर हरणाच्या जातीही आहेत. म्हणजे चितळ जातीने चालतं. पण जातीने चालणं आणि ताटात येणं यांत मोठं अंतर आहे. जनावर शोहेतच्याच हातून कापलं गेलं पाहिजे. शोहेत म्हणजे हे काम शास्त्राप्रमाणे शिकलेला माणूस. सुरीच्या धारेला नखाला जाणवेल एवढाही दाता चालत नाही आणि मान मध्ये कुठेही न थांबता कापावी लागते. बंदुकीने पाडलेलं हरीण मेलेल्या जनावरासारखंच निषिद्ध. वाघाने फाडून टाकलेलं तर तोराने स्पष्ट शब्दांत कुत्र्याला घालायला सांगितलं आहे. थोडक्यात, या धर्मात शिकारीला ताटात जागाच नाही.

शिवाय हरीण कापलंच, तर सांडलेलं रक्त माती किंवा राखेने झाकावं लागतं. पक्ष्यालाही हाच नियम, शेळीमेंढीला मात्र नाही. उलट शेळीमेंढीच्या पोटातली विशिष्ट चरबी वर्ज्य असते, हरणाची चालते. पाळीव आणि रानटी यांतला हा भेद इतका बारीक आहे की त्यावर पंडितांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. आपल्याकडे त्याचा निकाल एका ओळीत लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळाला हात लावता येत नाही, आणि यहुदी धर्मशास्त्राचंच एक तत्त्व सांगतं की ज्या राज्यात राहाल त्याचा कायदा तो कायदा. हे तत्त्व मुळात देण्याघेण्याच्या व्यवहाराचं, पण इथे शोभून दिसतं.

पक्ष्यांच्या बाबतीत तर तोराने खूणच दिलेली नाही. निषिद्ध पक्ष्यांची नुसती नावं दिली, आणि काळाच्या ओघात त्यांतली निम्मी नावं नेमक्या कोणत्या पक्ष्याची हे सांगणं कठीण होऊन बसलं. म्हणून पंडितांनी साधा मार्ग काढला. आपल्या वाडवडिलांनी खाल्ल्याची परंपरा असेल तोच पक्षी खायचा. मग ग्रंथच हाताशी नसेल, पंडित हजार कोसांवर असेल, तर हा कायदा टिकतो कसा? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रात आहे, फक्त ते गोंदियाच्या जंगलात नसून अलिबागच्या किनाऱ्यावर आहे.

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं. ते कधी आले यावर एकमत नाही. पुढे ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या गावोगाव पांगले आणि गावांवरून आडनावं घेतली: पेणकर, नवगावकर, दिवेकर, रोहेकर, केहिमकर, अष्टमकर. भाषा मराठी झाली, बायका लुगडं नेसू लागल्या, हिब्रू जवळजवळ गेली. उरली ती इस्रायलचा देव एकच असल्याची घोषणा करणारी एक प्रार्थना. ती जन्मापासून मरणापर्यंत प्रत्येक प्रसंगी म्हटली जाई.

धंदा तेल गाळायचा. शेजाऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते 'सोमवार तेली', ते महादेवाचे भक्त. गावाच्या दृष्टीने दोघांत फरक वाराचा. शनिवारचा नियम मात्र वाटतो त्याहून खोल आहे. यहुदी धर्मशास्त्राने शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, वर्ज्य अशी ३९ प्रकारची कामं मोजली आहेत: नांगरणं, पेरणं, कापणं, मळणं, विणणं, विस्तव पेटवणं, विझवणं वगैरे. तेल गाळणं हे त्यांत वेगळं नाव घेऊन येत नाही. ते मळणीच्या पोटात येतं, कारण कणसातून दाणा काढणं आणि दाण्यातून रस काढणं ही शास्त्रकारांच्या लेखी एकाच जातीची कामं. म्हणजे तेल्याचा सगळा धंदाच त्या दिवशी निषिद्ध. शिवाय दहा आज्ञांमध्ये विश्रांती घेणाऱ्यांत गडी-माणसांबरोबर बैलाचंही नाव आहे. त्यामुळे गडी लावून घाणा चालू ठेवायची पळवाटही उरत नाही. डोळ्यांवर झापड बांधून सहा दिवस गोल फिरणारा बैल शनिवारी मोकळा असे.

ग्रंथ नसताना हे टिकलं त्यामागे श्रद्धा होतीच. पण माझ्या मते शेजाऱ्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. चार गावं ज्याला 'शनिवार तेली' म्हणून ओळखतात, त्याने शनिवारी घाणा जुंपला तर सगळ्यांत आधी शेजारीच विचारणार, "काय, आज शनवार ना?" जातींच्या गावगाड्यात प्रत्येकाचा आपला वार, आपला उपास, आपलं वर्ज्य-अवर्ज्य असतं, आणि ते पाळण्याची अपेक्षाही असते. युरोपात यहुद्याचं वेगळेपण शेजाऱ्याच्या डोळ्यांत खुपायचं, कोकणात त्याला एक खण मिळाला.

स्वयंपाकघरातल्या कायद्याची कसोटी लागली ती मासळीवर. परंपरेप्रमाणे दावीद रहाबी नावाचा एक यहुदी पाहुणा या लोकांकडे आला. हे खरेच आपल्यातले का, अशी त्याला शंका होती. त्याने बायकांपुढे नाना प्रकारची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवलं असलेली मासळी एका बाजूला काढली, बाकीची आम्ही खात नाही म्हणून सारली. त्याची खात्री पटली. मग त्याने तीन घराण्यांतल्या तरुणांना धर्म शिकवून 'काजी' नेमलं. हा रहाबी कोणत्या शतकातला यावर अभ्यासकांचं जमत नाही. कोणी त्याला हजार वर्षांमागे नेतात, तर कोणी अठराव्या शतकातल्या कोचीच्या रहाबी घराण्याशी जोडतात. हईम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ मध्ये आपल्या समाजाचा इतिहास लिहून पुरा केला (तो छापून निघायला १९३७ साल उजाडलं), त्यातही ही कथा आहे.

कथा खरी असो वा रचलेली, तिने परीक्षा अचूक निवडली आहे. जनावराचा रवंथ, सुरीची धार, चरबीचे थर हे सगळं जाणकाराचं काम आहे. मासळीचा नियम मात्र कोळणीच्या पाटीवर नुसत्या बोटांनी तपासता येतो. रावस, पापलेट यांच्या अंगावरून नख उलटं फिरवलं की खवलं निघतात. कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकुल यांना खवलं नाहीतच. शिंगाळ्याचं अंग गुळगुळीत, तोही नको. मुशीचं कातडं हाताला खरखरीत लागतं, पण ती खरखर कातडं फाडल्याशिवाय सुटत नाही, आणि शास्त्रकार म्हणतात की सहज सुटेल तेच खवल. म्हणून मुशीही बाद. आणखी एक सोय अशी की खवलं असलेल्या प्रत्येक माशाला पर असतातच, असं मिश्ना या प्राचीन संहितेने सांगून ठेवलं आहे. त्यामुळे कापलेला तुकडा घ्यायचा झाला तरी थोडं कातडं राहू द्यायला सांगितलं की काम भागतं. हाच हिशेब गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर लावला तर रोहू, कटला, मरळ चालतील, मागूर आणि झिंगे नाहीत.

दूध आणि मांस यांचं प्रकरण अधिक गुंतागुंतीचं आहे. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये अशी आज्ञा तोरामध्ये तीनदा येते. पंडितांनी त्यातून तीन नियम काढले: दूध आणि मांस एकत्र शिजवायचं नाही, खायचं नाही, आणि तशा पदार्थापासून कसला फायदाही घ्यायचा नाही. मग भांडी वेगळी आली, आणि मांसानंतर दूध घेण्याआधी थांबायचं आलं. पुष्कळ ठिकाणी सहा तास थांबतात. युरोपातल्या यहुदी गृहिणीला यापायी मोठी कसरत करावी लागे, कारण तिथे लोणी, साय, चीज यांवाचून पान हलत नाही. कोकणात हा प्रश्न नारळाने सोडवला. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, आणि जेवणानंतरच्या गोडातही तेच. नारळाचं दूध झाडाचं, म्हणजे मांसाचंही नाही आणि दुभत्याचंही नाही. त्याला तिसऱ्या, तटस्थ वर्गात जागा आहे. मासे, अंडी, भाज्या, फळं त्याच वर्गातली.

इथे शास्त्रकारांना एक शंका आली होती, आणि ती वाचताना मला हसू आवरलं नाही. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी 'शुल्हान आरुख' ही आचारसंहिता लिहिली. तिच्यावर क्राकोच्या मोशे इस्सर्लेस यांनी टिपा जोडल्या. त्यांतली एक टीप अशी की मांसाबरोबर बदामाचं दूध वाढलं तर शेजारी चार बदाम ठेवावेत, नाहीतर पाहणाऱ्याला वाटेल हा दुधात मांस खातोय. अलिबागेत ही काळजी कोणाला? तिथे ताटातलं पांढरं दूध नारळाचं हे सांगावं लागत नाही. ओघात आणखी एक. कारोंनी आपल्या दुसऱ्या ग्रंथात मासे आणि दूध एकत्र खाणं तब्येतीला घातक म्हटलं आहे. आपल्याकडचे वैद्यही याच जोडीला विरुद्ध आहार म्हणतात.

या स्वयंपाकघराचा मानाचा पदार्थ म्हणजे चिकाचा हलवा. गहू भिजवायचे, वाटायचे, गाळायचे, आणि तळाशी बसलेला पांढरा चीक नारळाच्या दुधात साखर घालून मंद आचेवर आटवायचा. हात एकसारखा फिरता ठेवावा लागतो. थांबला की गुठळी झालीच. घट्ट झाला की ताटात ओतून वड्या पाडायच्या. तुपाचा थेंब नाही. म्हणून मटणाच्या जेवणावर तो लगेच खाता येतो. हा हलवा नववर्षाचा, म्हणजे रोश हशानाचा.

रोश हशाना हे नाव मात्र मागाहून, कोचीचे शिक्षक आणि छापील पुस्तकं आल्यावर रुळलं. जुन्या कोकणी बेने इस्रायलांसाठी तो 'नव्याचा सण'. प्रायश्चित्ताचा योम किप्पूर म्हणजे 'दरफाळणीचा सण'. त्या दिवशी दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, सुमारे पंचवीस तास अन्नपाणी घ्यायचं नाही, बाहेरच्यांशी संबंध ठेवायचा नाही. दुसरा दिवस 'शिळा सण', दानधर्माचा आणि भेटीगाठींचा. त्याच महिन्यात 'खिरीचा सण' येई. जेरुसलेमच्या मंदिराचा नाश झाला त्या दिवसाचं सुतक म्हणजे 'बिरड्याचा सण'. दिवसभर उपास करून तो सोडताना वालाचं बिरडं केळीच्या पानावर वाढायचं. संहारातून वाचल्याच्या आठवणीचा पुरिम म्हणजे 'होळीचा सण'. इजिप्तच्या गुलामीतून सुटकेचा पेसाह म्हणजे 'अनाशी ढाकण्याचा सण'. चटणी-कालवणासाठी घरात आंबट पाण्याचं मडकं असे, ते या सणात झाकून ठेवायचं. पेसाहमध्ये आंबवलेलं धान्य घरात ठेवायलाही बंदी असते. गव्हाच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत भाकरी भाजली नाही तर ती आंबली असं धरतात. मंदिराच्या गोष्टी, इजिप्तच्या गोष्टी विसरल्या असतील, पण मडकं झाकायचं हे विसरलं नाही.

भाताचं मात्र या लोकांचं सुदैव. युरोपातल्या पुष्कळ यहुद्यांनी मध्ययुगात पेसाहसाठी तांदूळ आणि कडधान्यंही वर्ज्य केली. बेने इस्रायलांनी ती प्रथा घेतली नाही. गव्हाचा दाणा चुकून आला नाही ना, हे पाहून तांदूळ निवडून घ्यायचे एवढंच. कोकणात आठ दिवस भात बंद ठेवला असता तर सणाच्या नावाने लोकांनी कपाळाला हात लावला असता.

आता होळीचं. पुरिमला 'होळीचा सण' म्हणणं ही शेजाऱ्यांची नक्कल, असं कोणी म्हणेल, पण त्याचं उत्तर आकाशात आहे. यहुदी महिना आपल्यासारखाच चांद्र आहे आणि ऋतू सांभाळण्यासाठी त्यातही अधिक महिना घालतात, १९ वर्षांत सात वेळा. त्यांचा निसान म्हणजे साधारण चैत्र, अव म्हणजे श्रावण, तिश्री म्हणजे आश्विन. पुरिम चौदाव्या तिथीला, पेसाह पंधराव्या, किप्पूर दहाव्या. म्हणून पुरिम होळीच्या आसपास, पेसाह चैत्री पौर्णिमेला आणि किप्पूर दसऱ्याच्या जवळ. २४ मार्च २०२४ ला पुरिम आणि होळी एकाच दिवशी होते, महिन्याभराने २३ एप्रिलला पेसाहचा पहिला दिवस आणि हनुमान जयंती. २ ऑक्टोबर २०२५ ला एकीकडे दसरा, दुसरीकडे किप्पूर. जमत नाही तेव्हा पुरा महिना चुकतो. २०२३ मध्ये आपला श्रावण अधिक होता, त्यांचा अधिक महिना पुढच्या वर्षी आला. म्हणून त्यांचं नववर्ष १६ सप्टेंबरला, गणपतीच्याही आधी होऊन गेलं. छापील पंचांग नसलेल्या खेड्यातल्या हजानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, गावचा जोशी आणि डोक्यावरचा चंद्र यांची मदत किती झाली असेल, याचा अंदाज यावरून करता येतो.

दोन पंचांगांत एक मोठा फरक आहे. आपला वार सूर्योदयाला लागतो, त्यांचा सूर्यास्ताला. शब्बाथ शुक्रवारी संध्याकाळीच सुरू होतो. शिवाय त्यांच्या पंचांगात अशी सोय केली आहे की नववर्ष रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊच नये. बुधवारी आलं तर किप्पूर शुक्रवारी येईल, शुक्रवारी आलं तर रविवारी, म्हणजे शब्बाथला लागून दोन दिवस विस्तव नाही, रांधणं नाही, आणि कोणी गेलंच तर दफनही नाही. उष्ण देशातल्या लोकांनी केलेला हा विचार आहे. बाकीच्या सणांना एवढं कडक बंधन नसतं. सणाला रांधता येतं, फक्त नवीन काडी ओढायची नाही, आधीच्या जळत्या विस्तवावरून विस्तव घ्यायचा.

द्राक्षाच्या दारूचा प्याला हातात घेऊन आशीर्वाद म्हणायचा, ही शब्बाथची आणि सणाची सुरुवात. ही दारू यहुद्यानेच केलेली हवी. कोकणात ती मिळणार कुठून? मग काळ्या मनुका पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून त्यांचं सरबत करू लागले. शास्त्राला ते मान्य आहे, कारण मनुका हे द्राक्षच. आजही बेने इस्रायलांच्या घरी या आशीर्वादाला, म्हणजे किद्दुशला, हे सरबत असतं. मोहाच्या दारूला मात्र आशीर्वादाचा मान नाही, कारण ती द्राक्षाची नाही. त्याच कारणाने ती कोणी गाळली हा प्रश्नही उठत नाही. बंधन द्राक्षापुरतंच आहे.

शिकवण छापून यायला एकोणिसावं शतक उजाडलं. मुंबईत मांडवीला १७९६ मध्ये शाआर हारहमीम हे पहिलं सिनेगॉग उभं राहिलं, अलिबागेत मागेन अबोथ १८४८ मध्ये. १८७४ मध्ये पुण्यात पेसाहची पोथी मराठी भाषांतरासह निघाली, तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून पेसाहच्या भाकऱ्या लाटताहेत, भाजताहेत. हनुका हा दिव्यांचा सण मात्र जुन्या कोकणी परंपरेत नव्हता. तो ज्या घटनेची आठवण आहे ती इसवीसनापूर्वी १६४ ची, म्हणून आपले पूर्वज त्याआधीच निघाले असं समाजातले पुष्कळजण मानतात. मला हा पुरावा पुरेसा वाटत नाही, विस्मृतीतही सण जातात. उलट एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नवसाचा मलिदा दुसरीकडे कुठे असा सापडायचा नाही. भिजवलेले पोहे, गूळ, खवलेलं खोबरं, वेलची, भोवती पाच फळं. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतल्या पिकाचा वेगळा, धान्याचा वेगळा, आणि हे सगळे एका ताटाभोवती म्हटले जातात. केळं झाडाच्या खात्यात धरत नाहीत, कारण त्याचं खोड दरवर्षी नवं येतं.

आज मुंबई-ठाण्यात हा समाज थोडका उरला आहे, बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. तिथे गेल्यावर जो पेच पडला तो खाण्यापिण्याचा नव्हता. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्रायलांशी लग्न लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी. शंका अशी की इतकी शतकं घटस्फोटाचा शास्त्रोक्त कागद कसा लिहितात हे यांना ठाऊक नव्हतं. तो कागद नसताना कुणा स्त्रीने दुसरं लग्न केलं असेल, तर शास्त्राप्रमाणे तिच्या संततीला पिढ्यान्‌पिढ्या इतर यहुद्यांशी लग्नाची बंदी येते. निदर्शनं झाली, उपोषणं झाली. १९६४ मध्ये इस्रायल सरकारने बेने इस्रायल सर्वार्थाने यहुदी आहेत असं जाहीर केलं आणि धर्मपीठाला आदेशातून त्यांचं नाव काढावं लागलं. या वादात त्यांच्या बाजूने मांडलेला एक मुद्दा मजेदार होता. आमच्यात घटस्फोट होतच नसत, मग चुकीचा कागद येणार कुठून? आणि घटस्फोट न घेण्याची ही रीत त्यांनी उचलली होती कोकणातल्या हिंदू शेजाऱ्यांकडून.